मत आणि माप

माणसाच्या हातून होणाऱ्या बहुतेक सुधारणांचा आरंभ मतापासून होतो. अमुक केले असता काम अधिक चांगले चालेल, असे कोणाला तरी वाटते. त्या वाटण्याला वयाचा, अधिकाराचा किंवा भांडवलाचा आधार मिळाला की त्याचा निर्णय होतो. पुढे चांगले घडले तर श्रेय निर्णयाला मिळते, वाईट घडले तर दोष काळाच्या माथी जातो. आणि मूळ मत खरे होते की खोटे, याचा निवाडा कधीच होत नाही. दुकानाची पाटी रंगविण्यापासून सरकारी अर्जाचा नमुना ठरविण्यापर्यंत हा क्रम सर्वत्र आढळतो.

तो मोडण्याचे एक साधन आज सामान्य व्यापाऱ्याच्याही हाती आले आहे. संकेतस्थळाच्या एकाच पानाचे दोन नमुने करावयाचे, येणाऱ्या लोकांपैकी निम्म्यांना एक आणि निम्म्यांना दुसरा दाखवावयाचा, आणि कोणता नमुना अधिक कामाचा ठरतो हे मोजावयाचे, असे या साधनाचे स्वरूप आहे. त्याला ए-बी चाचणी म्हणतात. मराठीत विभाजित चाचणी म्हणावयास हरकत नाही. साधन दिसावयास सोपे आहे. तथापि ज्याच्या हाती ते आहे त्याच्यापाशी थोडा धीर आणि थोडी नम्रता नसेल, तर मापाचा पोशाख घातलेले मत एवढेच त्याचे रूप उरते.

झाशी म्हटले की मराठी श्रोत्याच्या डोळ्यांपुढे किल्ला आणि राणी यांची चित्रे उभी राहतात. परंतु झाशी हे केवळ इतिहासाचे गाव नव्हे. ते चालत्या व्यापाराचेही गाव आहे. जुन्या शहरापासून रेल्वेमार्गाच्या पलीकडे सीपरी बाजार नावाची गजबजलेली वस्ती आहे. शिवपुरीला पूर्वी सीपरी म्हणत. तेच नाव या बाजाराला आहे. उत्तर प्रदेश शासनाने २०१८ साली 'एक जिल्हा, एक उत्पादन' ही योजना काढली, तेव्हा झाशी जिल्ह्याच्या वाट्याला मऊ खेळणी आली. कापडाची अस्वले, हत्ती, ससे असा हा माल. आता अशी कल्पना करावी, की सीपरी बाजारातील एका दुकानदाराने ही खेळणी देशभर विकण्यासाठी संकेतस्थळ उघडले आहे, आणि त्याच्या पहिल्या पानावरून घरात वाद चालू आहे.

काकांचे म्हणणे असे, की पान उघडताच दुकानाचे मोठे, भरगच्च छायाचित्र दिसले पाहिजे. दुकान पाहिल्यावाचून गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नाही. पुतण्याचे म्हणणे असे, की खेड्यापाड्यांतील फोनवर ते छायाचित्र उमटेपर्यंत गिऱ्हाईक कंटाळून निघून जाते. तेव्हा चित्रे लहान व हलकी असावीत आणि किंमत वरच दिसावी. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणूनच हा वाद बोलून मिटणारा नाही.

वाद मिटविण्याची जी पहिली युक्ति सुचते ती अशी: एक महिना काकांचे पान ठेवावे, दुसरा महिना पुतण्याचे ठेवावे, आणि विक्री पाहावी. ही युक्ति न्याय्य दिसते, पण आहे फसवी. दुसऱ्या महिन्यात दिवाळी आली तर खेळणी अधिक खपतील, आणि दिवाळीचे श्रेय पुतण्याच्या पानाला मिळेल. त्याच महिन्यात परीक्षा आल्या, पावसाने टपाल अडले किंवा दुसऱ्या व्यापाऱ्याने भाव पाडले, तर निष्कारण पुतण्या अपराधी ठरेल. आधी आणि नंतर यांची तुलना म्हणजे दोन पानांची तुलना नव्हे. ती दोन ऋतूंची तुलना आहे. सरकारी अहवालांतून 'योजनेपूर्वी' आणि 'योजनेनंतर' असे जे दोन स्तंभ छापले जातात, त्यांवर विसंबतानाही ही गोष्ट ध्यानी ठेवावी.

मग दोन पानांची तुलना करावी कशी? या प्रश्नाचे उत्तर प्रथम शोधले ते व्यापाऱ्यांनी नव्हे, तर शेतीच्या अभ्यासकांनी; आणि ते समजून घ्यावयास झाशीसारखे दुसरे ठिकाण नाही. याच शहरात ग्वाल्हेर रस्त्यावर, १९६२ साली स्थापन झालेली, गवत आणि चाऱ्याचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. बरसीम, ओट, गिनी गवत अशा चाऱ्यांच्या वाणांपैकी कोणता वाण अधिक उतारा देतो, हे अशा संस्थेला ठरवावे लागते. आता बुंदेलखंडाची माती एकजिनसी नाही. मार आणि काबर या काळ्या माती, परवा आणि राकड या हलक्या, तांबूस माती. तेथील शेतकरी ही नावे पिढ्यान् पिढ्या वापरीत आला आहे. चांगल्या मातीच्या टोकाला एक वाण पेरला आणि हलक्या मातीच्या टोकाला दुसरा पेरला, तर जिंकेल ती माती. नाव मात्र वाणाचे होईल.

इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथे १८४३ पासून शेतीचे प्रयोग चालू होते. तेथे १९१९ साली रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ आले, आणि त्यांनी या अडचणीवर तोड काढली. शेताचे अनेक लहान तुकडे पाडावेत. प्रत्येक वाण एकदा न पेरता अनेक तुकड्यांत पेरावा. आणि कोणत्या तुकड्यात कोणता वाण जावा, हे माणसाने ठरवू नये, चिठ्ठ्या टाकून ठरवावे. माणूस ठरवू लागला की नकळत आपल्या लाडक्या वाणाला बरा तुकडा देतो. चिठ्ठीला लाडके-दोडके नसते. शिवाय चिठ्ठीमुळे आणखी एक लाभ होतो: केवळ योगायोगाने किती फरक पडू शकेल, याचे गणित मांडता येते. एक बाई म्हणत असे, की चहात दूध आधी घातले की नंतर, हे आपल्याला चवीवरून कळते. फिशरांनी आपल्या १९३५ च्या ग्रंथात हेच उदाहरण घेतले. आठ पेले, चार एका रीतीचे आणि चार दुसऱ्या; ते बाईपुढे वाटेल त्या क्रमाने ठेवावयाचे. आठांतून चार निवडण्याच्या रीती ७०. म्हणजे नुसत्या अंदाजाने सर्व उत्तरे बरोबर येण्याचा संभव सत्तरात एक. बाईच्या दाव्याची थट्टा करण्याची गरज नाही, आणि तो मान्य करण्याचीही गरज नाही. पेले मांडावेत म्हणजे झाले.

ही पद्धत भारतातील कृषिसंशोधकांच्या हाती पोहोचविण्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि डॉ. व्ही. जी. पानसे या दोघांनी लिहिलेला, शेतीच्या कार्यकर्त्यांसाठी संख्याशास्त्राच्या पद्धती सांगणारा ग्रंथ भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने १९५४ साली प्रसिद्ध केला. कृषिमहाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या या ग्रंथावर पोसल्या गेल्या. आज मुंबईत, पुण्यात किंवा बंगळुरात बसून संकेतस्थळांच्या चाचण्या घेणारा तरुण अभियंता ज्या सूत्रांनी आकडे तपासतो, त्यांचे मूळ शेताच्या बांधावर आहे, हे त्याच्या क्वचितच ध्यानी येते.

सीपरी बाजारातील कल्पित दुकानाकडे आता वळता येईल. येथे शेताच्या तुकड्याची जागा येणाऱ्या माणसाने घेतली आहे. कोणी संकेतस्थळ उघडले की संगणक चिठ्ठी टाकतो. चिठ्ठी 'अ' निघाली तर काकांचे पान, 'ब' निघाली तर पुतण्याचे. त्या माणसाच्या ब्राउझरमध्ये कुकी नावाची एक बारीक खूण ठेवली जाते, म्हणजे तो उद्या परत आला तरी त्याला तेच पान दिसते. दिवाळी आली तर दोन्ही पानांना सारखीच येते. टपाल अडले तर दोघांचेही अडते. काळाचा, ऋतूचा आणि बाजारभावाचा परिणाम दोन्ही पारड्यांत सारखा पडतो, आणि शिल्लक राहतो तो पानांतला फरक. परंतु एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चित्र, किंमत, रंग आणि मजकूर असे सारेच एकदम बदलले, तर कोणते पान जिंकले हे कळेल. का जिंकले हे कळणार नाही.

तरीही शिल्लक राहिलेला फरक खरा आहे की योगायोगाचा, हा प्रश्न उरतोच. समजा, प्रत्येक पान एक-एक हजार लोकांनी पाहिले. काकांच्या पानावरून ३० जणांनी खरेदी केली, पुतण्याच्या पानावरून ३८ जणांनी. पुतण्या पेढे वाटावयास निघेल. त्याला थांबविले पाहिजे. दोन्ही पाने हुबेहूब सारखी असती, तरी इतका किंवा याहून मोठा फरक सुमारे तीन वेळांतून एकदा केवळ योगायोगाने पडला असता. हाच हिशेब दहा-दहा हजार लोकांवर ३०० आणि ३८० असा आला, तर मात्र योगायोगाचा संभव पाचशेंत एकाहूनही कमी होतो. प्रमाण तेच, पण पुराव्याचे वजन निराळे. थोड्या माणसांवरून काढलेला निष्कर्ष आणि मुळीच न काढलेला निष्कर्ष यांत फारसे अंतर नाही.

येथे लहान व्यापाऱ्याची खरी अडचण दिसते. शंभरांतून तीन माणसे खरेदी करतात, आणि ती संख्या एक पंचमांशाने वाढते की नाही, हे खात्रीलायक रीतीने पाहावयाचे, तर रूढ गणिताप्रमाणे प्रत्येक पानासाठी सुमारे चौदा हजार लोक लागतात. दिवसाला शंभर लोक येणाऱ्या दुकानाला त्यासाठी नऊ महिन्यांहून अधिक काळ वाट पाहावी लागेल. फरक निम्मा असेल, तर माणसे चौपट लागतात. म्हणून मोठ्या कंपन्यांचे अनुकरण करून बटनाचा रंग हिरवा की निळा, अशा बारीकसारीक चाचण्यांत लहान दुकानाने आपला काळ घालवू नये. त्याने ठळक गोष्टी तपासाव्यात: पान लवकर उघडते की नाही, किंमत व टपालखर्च आधी कळतो की शेवटी, पैसे देण्याची रीत सोपी आहे की अवघड. आणि ज्या गोष्टीला मुळात चाचणीची गरज नाही, ती सरळ दुरुस्त करावी. तुटलेली पायरी दुरुस्त करण्यासाठी कोणी चिठ्ठ्या टाकीत नाही.

दुसरी अडचण स्वभावाची आहे. रोज सकाळी आकडे उघडून पाहावयाचे, आणि आपले पान पुढे दिसले की त्या क्षणी चाचणी थांबवावयाची, हा मोह फार मोठा असतो. शंभरांत पाच वेळा चूक होऊ देण्याची मर्यादा ठरविली, पण मधून मधून दहा वेळा डोकावून अनुकूल क्षणी थांबले, तर चुकीचा संभव शंभरांत पाचावरून सुमारे १९ वर जातो. म्हणून किती लोक होईपर्यंत थांबावयाचे आणि कोणती गोष्ट मोजावयाची, हे आधी कागदावर लिहून ठेवावे. निविदा उघडल्यावर तिच्या अटी बदलता येत नाहीत; हा नियम येथेही लागू आहे. तसेच वाटणी खरोखर निम्मी झाली की नाही, हेही पाहावे. दहा हजार लोकांची वाटणी ५,३०० आणि ४,७०० अशी निघाली, तर तो योगायोग नव्हे; चिठ्ठ्यांची पेटीच बिघडली आहे. अशा वेळी निकाल कितीही गोड असला तरी तो टाकून द्यावा.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. अनुभवी माणसाला पाहता क्षणी कळत नाही काय? पुष्कळदा कळत नाही, हाच या चाचण्यांचा सर्वांत मोठा धडा आहे. मायक्रोसॉफ्ट या कंपनीत अशा चाचण्यांचे काम उभारणारे रॉन कोहावी यांनी प्रसिद्ध केलेला अनुभव असा, की तेथे नीट तपासलेल्या कल्पनांपैकी सुमारे एक-तृतीयांश लाभदायक ठरल्या, एक-तृतीयांश निरुपयोगी आणि एक-तृतीयांश अपायकारक. या कल्पना अडाण्यांच्या नव्हत्या. त्या विषयात मुरलेल्या लोकांच्या होत्या.

याहून बोलके उदाहरण ब्रिटनच्या शासनाचे आहे. २०१३ साली तेथील सरकारी संकेतस्थळावर वाहनकर किंवा वाहनपरवान्याचे काम संपविणाऱ्या नागरिकाला, मरणोत्तर अवयवदानासाठी नाव नोंदवा, अशी विनंती केली जात असे. त्या विनंतीचे आठ नमुने करून ते दहा लाखांहून अधिक लोकांना चिठ्ठीपद्धतीने दाखविण्यात आले. एका नमुन्यात हसतमुख माणसांच्या समूहाचे छायाचित्र होते. छायाचित्राने आवाहन अधिक परिणामकारक होते, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात छायाचित्र नसलेल्या साध्या पानापेक्षाही त्या पानावरून कमी लोकांनी नावे नोंदविली. सर्वांत यशस्वी ठरला तो नमुना, ज्यात वाचणाऱ्याला एवढेच विचारले होते, की स्वतःवर वेळ आली तर तुम्ही दुसऱ्याचा अवयव स्वीकाराल काय; आणि स्वीकारणार असाल तर इतरांनाही साहाय्य करा. हा नमुना वापरला तर वर्षाला सुमारे ९६,००० अधिक नोंदी होतील, असा अंदाज त्या अहवालात दिला होता. चाचणी न घेता एखाद्या अधिकाऱ्याने आपल्या आवडीने छायाचित्राचे पान निवडले असते, तर नोंदवहीत न आलेल्या नावांचा हिशेब कोणाला लागला असता? त्या अधिकाऱ्याला तर नाहीच. आणि रुग्णालयात अवयवाची वाट पाहणाऱ्या रोग्यालाही नाही. कागदावरच्या एका चित्राची किंमत कधीकधी इतकी मोठी असते.

आतापर्यंत मापाची थोरवी सांगितली. आता त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. चाचणी विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. प्रश्न योग्य होता की नाही, हे ती सांगत नाही. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्रात एकदा एका बिघाडामुळे अत्यंत निकृष्ट उत्तरे येऊ लागली. चाचणीचे आकडे पाहिले तर प्रत्येक माणसामागे शोधांची संख्या दहा टक्क्यांहून अधिक वाढली होती, आणि उत्पन्न तीस टक्क्यांहून अधिक. कारण उघड आहे. पहिल्या उत्तराने काम झाले नाही म्हणून लोक पुनःपुन्हा शोधू लागले, आणि उत्तर सापडेना म्हणून जाहिरातींवर बोट ठेवू लागले. आकड्यांना विचारले असते तर ते म्हणाले असते, बिघाड कायम ठेवा! त्या कंपनीच्या संशोधकांनी हे प्रकरण २०१२ साली प्रसिद्ध केले, आणि त्यावरून निष्कर्ष काढला तो असा, की माणूस किती वेळा खटपट करतो हे मोजू नये. तो समाधानाने परत येतो की नाही, हे मोजावे.

सीपरी बाजाराच्या दुकानालाही हेच लागू आहे. 'शेवटची दोनच अस्वले शिल्लक' असे खोटेच लिहिले, तर त्या आठवड्यात विक्री वाढेल, आणि चाचणी त्या खोट्या वाक्याला विजयी घोषित करील. टोपलीत न मागितलेली वस्तू गुपचूप घालून ठेवली, तरी आकडा वाढेलच. मात्र अशा फसव्या रचनांना आळा घालण्यासाठी भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांत असे तेरा प्रकार नावानिशी सांगितले आहेत, आणि खोटी घाई व टोपलीतली लबाडी ही त्यांत आहेतच. आकड्याने जिंकले म्हणून असत्य क्षम्य होत नाही. ज्या नमुन्याचा गुपित भाग गिऱ्हाइकाला उघड सांगण्याची लाज वाटेल, तो नमुना चाचणीला उभाच करू नये.

आणखी एक भेद विसरून चालणार नाही. शेताचा तुकडा चिठ्ठीविरुद्ध तक्रार करीत नाही. माणूस करू शकतो, आणि त्याला तो अधिकार आहे. फेसबुकने जानेवारी २०१२ मध्ये एक आठवडाभर ६,८९,००३ लोकांना दिसणाऱ्या मजकुरातील आनंदाचे वा दुःखाचे प्रमाण कमी करून, त्याचा त्यांच्या स्वतःच्या लिहिण्यावर काय परिणाम होतो, हे पाहिले. २०१४ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला तेव्हा जगभर संताप उसळला. परिणाम अगदी सूक्ष्म निघाला होता; परंतु लोकांचा आक्षेप परिणामाच्या आकाराला नव्हता. आपल्याला न विचारता आपल्या मनावर कोणी हात ठेवला, याचा तो संताप होता. पानावर किंमत वर असावी की खाली, हे तपासणे ही दुकानदारी झाली. माणसाची उदासी वाढते का, हे त्याच्या नकळत तपासणे ही दुकानदारी नव्हे. या दोहोंमधील रेषा कोणतेही सूत्र आखून देत नाही. ती चाचणी घेणाऱ्यानेच आखावयाची असते.

तात्पर्य, विभाजित चाचणीने दोन गोष्टी माणसाच्या पदरात टाकल्या आहेत. पहिली अशी, की वादाचा निकाल वयाने किंवा हुद्द्याने लावण्याचे आता कारण उरलेले नाही. काका हरले तर पुतण्यापुढे हरत नाहीत आणि पुतण्या जिंकला तर काकांवर जिंकत नाही. दोघेही वस्तुस्थितीपुढे मान तुकवितात, आणि घरातला सलोखा शाबूत राहतो. ज्या कार्यालयात कनिष्ठाची सूचनाही अशा रीतीने कसोटीला लागते, तेथे वरिष्ठाचा मान कमी होत नाही. उलट त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावयास एक कारण अधिक मिळते. दुसरी गोष्ट अशी, की काय मोजावयाचे आणि कशासाठी, हा निर्णय मात्र पूर्वीइतकाच माणसाकडे राहिला आहे. मापाने मताची जागा घेतली, तरी विवेकाची जागा घेतलेली नाही. तराजू कितीही अचूक असला, तरी त्यात काय घालावयाचे, हे तोलणाऱ्यालाच ठरवावे लागते.